मुंबईत घरं रिकामी असतात

‘मुंबईत जागाच उरली नाही, म्हणून घर मिळत नाही.’ देशभर मुंबईची ओळख हीच झाली आहे आणि आपणही ती मान डोलावून मान्य करतो. हे अर्धसत्य आहे. 2011च्या जनगणनेत मुंबईत सुमारे 4.8 लाख घरं रिकामी आढळली. 2017-18च्या आर्थिक पाहणी अहवालानुसार देशातल्या शहरांत हा आकडा सर्वाधिक होता. त्याच मुंबईत 40 टक्क्यांहून जास्त कुटुंबं झोपडपट्टीत होती!

संध्याकाळी कुठल्याही नव्या टॉवरखाली उभं राहून पाहा. मजल्यामागून मजले अंधारात, बंद दारांच्या कडीत वीजबिलं अडकलेली. यातली बरीच घरं राहण्यासाठी घेतलेलीच नसतात, भाव वाढायची वाट पाहत असतात. बिल्डरकडे न विकलेली वेगळीच.

शिवाय मालकाला धास्ती, भाडेकरू घर बळकावेल. ही भीती 1947च्या भाडे कायद्याच्या काळातली. 1999च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात कलम 24 आहे: लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे ठरावीक मुदतीच्या कराराची, मुदत संपली की घर सोडावंच लागतं, नाही सोडलं तर ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट भरपाई. करार मात्र नोंदवलेला हवा, आणि ती जबाबदारी मालकाची.