कस्टम्सने माल धरला, आदेश आला: अपील नेमकं कुठे अडकतं

कस्टम्सच्या आदेशाविरुद्धची बरीच अपिलं मुद्द्यावर हरत नाहीत, मुद्द्यापर्यंत पोहोचतच नाहीत. फाईल उघडली की तोच क्रम दिसतो. आदेश हातात पडल्यावर मालकाने साहेबांना विनंतीपत्र लिहिलं, मग स्मरणपत्र, मग दुसरं स्मरणपत्र. उत्तर नाही. चार महिन्यांनी कुणीतरी सांगतं, "अहो, याला अपील करायचं असतं." तोवर दार बंद झालेलं असतं.

सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम १२८ प्रमाणे अपील आयुक्तांकडे जायला आदेश मिळाल्यापासून ६० दिवस असतात. सबळ कारण असेल तर ते आणखी ३० दिवस माफ करू शकतात. त्यापुढे एक दिवसही नाही. आजारपण, वकील बदलला, काहीही सांगा. अबकारी कायद्यातल्या अशाच तरतुदीवर सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलेलं आहे. साहेबांशी चाललेल्या पत्रव्यवहाराने मुदत थांबत नाही. आणि ६० दिवस म्हणजे दोन महिने नव्हेत. १ जुलैला मिळालेल्या आदेशाची मुदत ३० ऑगस्टला संपते.

मुदत आदेशावरच्या तारखेपासून नाही, तो मिळाल्याच्या तारखेपासून मोजतात. म्हणून टपालाचं पाकीट फेकू नका. कपाटभर कागद सांभाळणारी माणसं नेमकं तेवढंच फेकतात. दुसरा घोळ ईमेलचा. ईमेलने बजावणीही कायदेशीर आहे, आणि पुष्कळदा नोंदवलेला पत्ता कस्टम ब्रोकरचा, म्हणजे कस्टम्समधून माल सोडवून देणाऱ्या एजंटचा, असतो. आदेश त्याच्या इनबॉक्समध्ये महिनाभर पडून असतो आणि मालकाला वाटतं, अजून काही आलेलं नाही.

आता त्याआधीचा टप्पा. माल अडवून ठेवणं, जप्त करणं आणि सरकारजमा करणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे तिन्हींना 'माल धरला' म्हणतात, तिथून गोंधळ सुरू होतो. जप्ती कलम ११० खाली होते आणि तिचा पंचनामा होतो. त्याची प्रत मागून घ्या. जप्तीपासून सहा महिन्यांत कारणे दाखवा नोटीस आली नाही, तर माल परत द्यावा लागतो. आयुक्त कारणं लेखी नोंदवून आणखी सहा महिन्यांपर्यंत वाढ देऊ शकतात, पण ती पहिली मुदत संपण्यापूर्वी तुम्हाला कळवावी लागते. माल परत मिळाला म्हणजे प्रकरण मिटलं असं नाही. नोटीस नंतरही येऊ शकते.

दरम्यान कलम ११०अ खाली माल तात्पुरता सोडवता येतो, बाँड आणि हमी देऊन. नाशवंत किंवा हंगामी माल असेल तर हाच मार्ग. मात्र असा सोडवणुकीचा आदेश झाला की सहा महिन्यांची मुदत लागू राहत नाही, असं २०१८ च्या दुरुस्तीनंतरचं कलम सांगतं. अर्ज करण्यापूर्वी हे माहीत असावं.

विमानतळावर सामानातली वस्तू धरली गेली की प्रवाशापुढे एक छापील कागद येतो: मला नोटीस नको, सुनावणी नको. रात्रभराच्या प्रवासानंतर माणूस सही करून मोकळा होतो. दिल्ली उच्च न्यायालयाने असा छापील नकार, नोटीस आणि सुनावणी द्यायला सांगणाऱ्या कलम १२४ च्या कसोटीला उतरत नाही असं वारंवार म्हटलं आहे, तरी मुळात सही करण्यापूर्वी वाचा.

सोनं आणि घड्याळं यांची गोष्ट निराळी. ती तस्करीची आहेत असा वाजवी समज करून जप्त झाली, तर ती तशी नाहीत हे सिद्ध करायची जबाबदारी कलम १२३ ने तुमच्यावर टाकली आहे. आता आजीच्या पाटल्यांचं बिल कुणाकडे असतं? लोक लग्नातले फोटो आणि सराफाचं मूल्यांकन जोडतात. कधी चालतं, कधी नाही. दागिने घालून परदेशी जाणार असाल तर निघतानाच कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट, म्हणजे दागिने इथूनच नेल्याचा दाखला, करून घ्या. दहापैकी नऊ जणांना हे परत आल्यावर कळतं. व्यापारी मालात अडतं ते दुसरीकडे: इन्व्हॉइस एका नावावर, पैसे दुसऱ्याच खात्यातून गेलेले.

अपिलाचा अर्ज सीए-१ नमुन्यात, दोन प्रतींत, आदेशाच्या प्रतीसह. सोबत कलम १२९ई प्रमाणे वादातल्या शुल्काच्या साडेसात टक्के रक्कम भरल्याचा पुरावा. फक्त दंडाचा वाद असेल तर दंडाच्या साडेसात टक्के. ही रक्कम माफ करून मिळत नाही. पण माल सोडवण्यासाठी ठरवलेला रिडेम्प्शन फाइन या हिशेबात येत नाही, आणि चौकशीच्या वेळी भरलेली रक्कम यात धरता येते. हे न कळून लोक विनाकारण जास्त पैसे भरतात.

पुढची पायरी चुकवणारेही बरेच. व्यापारी मालाचं दुसरं अपील सेस्टॅट या अपील न्यायाधिकरणाकडे, तीन महिन्यांत, वादातल्या शुल्काच्या किंवा दंडाच्या १० टक्के भरून. प्रवाशाच्या सामानाचं प्रकरण मात्र तिथे चालत नाही. त्यासाठी केंद्र सरकारकडे पुनरीक्षण अर्ज करायचा, मुदत तीन महिने. शुल्क, दंड वगैरे एक लाखापर्यंत असेल तर फी २०० रुपये, त्याहून जास्त असेल तर १,०००. चुकीच्या ठिकाणी अर्ज टाकून वर्ष घालवलेले प्रवासी पाहिले आहेत. आदेशाच्या कागदावर एवढं मोठ्या अक्षरात छापायला कुणाचं काय जातं, कळत नाही.

शुल्क जास्त भरलं असेल तर सरळ परताव्याचा अर्ज करून भागत नाही. आयटीसी कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं की बिल ऑफ एंट्रीवरची (आयात मालाच्या घोषणापत्रावरची) आकारणी, तुम्ही स्वतः केलेली असली तरी, आधी बदलून घ्यावी लागते. 'अंडर प्रोटेस्ट' (हरकत नोंदवून पैसे भरतो) लिहून निश्चिंत झालेल्यांना हे उशिरा समजतं.

आणि रिडेम्प्शन फाइन भरून माल सोडवायचं ठरवलं असेल, तर त्यालाही १२० दिवसांची मर्यादा आहे. अपील प्रलंबित नसेल आणि तेवढ्यात पैसे भरले नाहीत, तर तो पर्याय रद्द होतो. फाइनबरोबर शुल्कही वेगळं भरावं लागतं, तेव्हा दोन्ही रकमांची जुळवाजुळव पहिल्या आठवड्यातच सुरू करा.