सेटिंग बदलल्याची सूचना

संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिममधील एखादे सेटिंग बदलले की त्या क्षणी चालू असलेल्या प्रोग्रामांना ते कळवण्याची पद्धत. तारखेचा नमुना, दशांशचिन्ह, फाँट, रंगसंगती या गोष्टी प्रोग्राम बहुधा सुरू होताना एकदाच वाचतो. पुढे कोणी कळवले नाही, तर तो जुन्याच माहितीवर चालत राहतो.

विंडोजमध्ये यासाठी डब्ल्यूएम_सेटिंगचेंज हा संदेश आहे. पूर्वी सेटिंग्ज विन.आयएनआय या फाइलीत असत, त्यामुळे त्याचे जुने नाव डब्ल्यूएम_विनआयएनआयचेंज. क्रमांक दोन्हींचा एकच, २६. सेटिंग बदलणारा प्रोग्राम हा संदेश सगळ्या मुख्य विंडोंना पाठवतो. काय बदलले याचा एक शब्द सोबत जाऊ शकतो. प्रादेशिक नमुन्यांसाठी तो 'इंटल' असतो. नवे मूल्य मात्र संदेशात नसते, ते प्रोग्रामने स्वतः वाचायचे. ही रचना योग्यच म्हणावी लागेल, कारण लागोपाठ अनेक बदल झाले तरी प्रोग्रामच्या हाती शेवटचे, खरे मूल्य येते.

संदेशाकडे दुर्लक्ष झाले तर काय होते? नाशिकच्या एखाद्या द्राक्ष निर्यातदाराच्या कार्यालयात जर्मन खरेदीदारासाठी संगणकाचा प्रादेशिक नमुना बदलला, असे समजू. जर्मन पद्धतीत दशांशासाठी स्वल्पविराम असतो. एका प्रोग्रामने बदल ऐकला आणि दुसऱ्याने ऐकला नाही, तर एकाच पडद्यावर ४,५०० आणि ४.५०० असे दोन्ही आकडे दिसतील. पेटीचे वजन साडेचार किलो की साडेचार हजार, हे मग वाचणाऱ्याने ओळखायचे. पॅकिंग लिस्टमध्ये असा घोळ परवडत नाही.

फाँटसाठी डब्ल्यूएम_फाँटचेंज हा वेगळा संदेश आहे. डीटीपीच्या दुकानात लग्नपत्रिकेसाठी नवा मराठी फाँट टाकला आणि उघड्या प्रोग्रामच्या यादीत तो आला नाही, तर प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडावा लागतो. फाँट टाकणाऱ्याने संदेश पाठवला नाही किंवा प्रोग्रामने तो मनावर घेतला नाही, असे दोन्ही संभवते.

एखादी विंडो अडकलेली असेल तर उत्तराची वाट पाहणारा प्रेषकही तिच्यापाशी अडकतो. म्हणून वेळेची मर्यादा घालून संदेश पाठवणे इष्ट. आधीच उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टला (आज्ञा टाइप करण्याच्या विंडोला) बदललेला 'पाथ', म्हणजे प्रोग्राम कोणत्या फोल्डरांत शोधायचे याची यादी, कळत नाही, कारण प्रोग्रामला त्याची प्रत सुरू होतानाच मिळते. एक्सप्लोरर, म्हणजे डेस्कटॉप आणि फोल्डर दाखवणारा विंडोजचा प्रोग्राम, मात्र संदेश ऐकून आपली प्रत ताजी करतो, त्यामुळे त्यातून नव्याने उघडलेल्या प्रॉम्प्टमध्ये नवा 'पाथ' असतो.

लिनक्सवर पडद्यावरच्या विंडो दाखवणाऱ्या एक्स प्रणालीत एक्ससेटिंग्ज ही पद्धत आहे. तिथे एक व्यवस्थापक प्रोग्राम सगळी मूल्ये आपल्या विंडोच्या गुणधर्मात, म्हणजे विंडोला जोडलेल्या माहितीत, लिहून ठेवतो. गुणधर्म बदलला की त्यावर लक्ष ठेवणाऱ्या प्रोग्रामांना तशी सूचना (तिला 'घटना' म्हणतात) मिळते आणि ते नवी मूल्ये तिथूनच वाचतात.