मासिकाचे नाव वरच का असते?

मुखपृष्ठाचे बहुतेक संकेत सौंदर्यदृष्टीतून आलेले नाहीत. विक्रीच्या जागेने ते घडवले.

आधी अशी जागाच फारशी नव्हती. लंडनमध्ये १७३१ साली निघालेल्या 'जेंटलमन्स मॅगझिन'च्या पहिल्या पानावर सेंट जॉन्स गेटचे ठशाने छापलेले चित्र आणि अंकातला मजकूर काय, त्याची यादी असे. चित्रकार रिचर्ड डॉयलने 'पंच' या ब्रिटिश विनोदी साप्ताहिकासाठी १८४९ मध्ये काढलेले मुखपृष्ठ तर १९५६ पर्यंत चालले. ठसा कोरणे खर्चाचे, अंक वर्गणीदारांना टपालाने जाणार आणि खंड बांधताना कव्हर बरेचदा काढूनच टाकायचे. मग दर वेळी नवे चित्र कशाला? १८९४ मध्ये चित्रकार विल ब्रॅडलीने 'इनलँड प्रिंटर' या अमेरिकेतल्या छपाई व्यवसायाच्या मासिकासाठी दर अंकाला वेगळे मुखपृष्ठ देणारी मालिका केली, तेव्हा ही सवय मोडू लागली.

पुढे स्टॉलने नियम घातले. अंक एकावर एक सरकवून मांडले की वरची पट्टी किंवा डावी कड तेवढी उघडी राहते. म्हणून नाव वर आणि महत्त्वाचे मथळे डावीकडे. चेहऱ्याने नावाची दोन अक्षरे झाकणे जुन्या, ओळखीच्या मासिकाला शोभते. नव्या मासिकाने तो मोह टाळावा.

चित्र बदलते ठेवूनही ओळख टिकवायची तर चौकट कामी येते. 'नॅशनल जिओग्राफिक'ची पिवळी चौकट १९१० ची, 'टाइम'ची लाल १९२७ ची. मात्र कटिंग एखादा मिलिमीटर सरकले तरी बारीक चौकट एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ दिसते. ती रुंदच हवी आणि रंग कापण्याच्या रेषेबाहेर ३ मिमी वाढवलेला हवा.

बारकोड आला तेव्हा संपादक वैतागले. 'मॅड' या अमेरिकन विनोदी मासिकाने एप्रिल १९७८ च्या अंकावर मुखपृष्ठभर बारकोड छापून राग काढला. नियतकालिकांचा १३ अंकी बारकोड ९७७ ने सुरू होतो, शेजारच्या छोट्या कोडमध्ये अंकाचा क्रमांक येतो. मुख्य कोडची जागा मोकळ्या कडांसह ३७.२९ × २५.९३ मिमी; ८० टक्क्यांहून लहान करू नये. पांढऱ्यावर लाल रेघा कितीही छान दिसल्या तरी स्कॅनरच्या लाल प्रकाशात त्या नाहीशा होतात. रेघा काळ्याच ठेवाव्यात, आणि छायाचित्रावर थेट न छापता पांढऱ्या चौकोनात.