लघवी निसटते, म्हणून पिशवी काढायची?

उसाची मोळी उचलताना, खोकताना, शिंकताना लघवी निसटते. बीड-धाराशिवकडच्या बाया हे सहसा कुणाला सांगत नाहीत, आणि सांगितलंच तर ‘पिशवी काढून टाक’ हा सल्ला तयार असतो. बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची 2019 मध्ये सरकारला चौकशी करावी लागली, इतकं हे ‘पिशवी काढणं’ सोपं झालं होतं.

पण या गळतीचं कारण गर्भाशयात नसतं. बाईची मूत्रनलिका जेमतेम तीन-चार सेंटिमीटरची. तिला खालून योनीची भिंत आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आधार देतात. खोकताना पोटातला दाब वाढला की नलिका या आधारावर दाबली जाऊन मिटते. बाळंतपणं, वय, लठ्ठपणा यांनी आधार बाजेच्या सैल सुंभासारखा लोंबायला लागला, की ती नीट मिटत नाही.

आधी किमान तीन महिने हे स्नायू आवळण्याचे व्यायाम, तेही नीट शिकून घेऊन. अनेकींचं काम तिथेच भागतं.

नाहीच भागलं, तर शस्त्रक्रिया. सगळ्यांत जास्त केली जाते ती पट्टीची: मूत्रनलिकेच्या मधल्या भागाखाली पॉलिप्रोपिलीन जाळीची अरुंद पट्टी बसवतात. स्वीडनच्या उल्फ उल्मस्टेन यांनी 1990च्या दशकात ती रुळवली. काप लहान, घरी लवकर जाता येतं. मात्र जाळी कायमची आत राहते. काहींना दुखणं उरतं, काहींत ती योनीत उघडी पडते. म्हणूनच इंग्लंडने 2018 मध्ये तिचा वापर थांबवला. जाळी नको असेल तर पोटाच्या स्नायूंवरच्या स्वतःच्याच पडद्याची पट्टी घेता येते. बर्च शस्त्रक्रियेत मूत्राशयाच्या मानेजवळची योनीभिंत टाक्यांनी वर उचलून धरतात. नलिकेभोवती जेलसारखं इंजेक्शनही देतात. ते हलकं, पण परिणाम कमी आणि बऱ्याचदा पुन्हा घ्यावं लागतं. कोणत्याही पट्टीनंतर लघवी अडण्याचा धोका थोडा असतोच.

एक गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी: लघवी जोर पडल्यावर निसटते, की घाई लागून वाटेतच होते? घाईच्या गळतीला यातली एकही शस्त्रक्रिया लागू नाही. तिथे मूत्राशयाला सवय लावणं आणि औषधं. अजून मूल हवं असेल तर शस्त्रक्रिया सहसा पुढे ढकलतात.

आणि नंतर काही आठवडे जड उचलायचं नाही. कोयत्यावर जाणाऱ्या बाईला हे हंगामात जमणं अवघड, म्हणून तारीख ठरवताना टोळी गावी परतल्यानंतरचीच मागावी.