अंगरख्याचे टोक आणि चिमणीचे शेपूट : ताई चीच्या वंशावळीचा शोध

ताई ची या चिनी मुष्टियुद्धकलेच्या उगमाची एक गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. वूदांग पर्वतावर राहणाऱ्या झांग सानफेंग या ताओपंथी साधूने साप आणि करकोचा यांची झुंज पाहिली आणि त्यातून त्याला ही कला सुचली. मात्र 'अंतर्गत', म्हणजे अंगबळापेक्षा आतल्या शक्तीवर भर देणाऱ्या, मुष्टियुद्धाचे जनकत्व या साधूला देणाऱ्या, ह्वांग झोंगशी या चिनी विद्वानांनी १६६९ साली लिहिलेल्या समाधिलेखात साप नाही आणि करकोचाही नाही. तेथे श्वेनवू हा देव साधूच्या स्वप्नात येऊन त्याला विद्या शिकवतो आणि दुसऱ्या दिवशी साधू एकटाच शंभराहून अधिक दरोडेखोरांना ठार करतो. त्या लेखात ताई ची हे नावही कोठे येत नाही.

दंतकथा बाजूला ठेवली, तरी घराण्यांची नाती शोधण्याचे एक विलक्षण साधन आपल्या हाती उरते. ते म्हणजे नक्कल करताना झालेली चूक. डीएनएची प्रत निघताना झालेला बदल पुढच्या पिढ्यांत उतरू शकतो, म्हणून तोच बदल अंगी असलेले जीव एका शाखेचे मानले जातात. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना हस्तलिखितांची कुळे लावली गेली, त्यामागेही हाच विचार होता.

आता ताई चीतील एकच पवित्रा जवळून पाहू. हनान प्रांतातील चेन कुळाच्या गावात त्याला 'लान झा यी', म्हणजे अंगरख्याचे टोक सैलपणे खोचणे, असे म्हणतात. या गावात चेन चांगशिंग यांच्याकडे शिकून यांग लुच्यान (१७९९–१८७२) यांनी ही कला बीजिंगला नेली. त्यांच्या घराण्यात त्याच जागी येणाऱ्या पवित्र्याचे नाव 'लान च्युए वेइ', म्हणजे चिमणीचे शेपूट धरणे, असे आहे. अर्थांचा परस्परांशी काहीही संबंध नाही; परंतु उत्तर चीनच्या बोलीत शेपटीच्या 'वेइ' या अक्षराचा उच्चार 'यी' असाही होतो. पहिला 'लान' दोन्हीकडे सारखाच ऐकू येतो, फक्त लिहिताना अक्षर बदलते. कानाने ऐकलेले नाव कागदावर उतरवताना अंगरख्याची चिमणी झाली, हे स्पष्टीकरण मला सर्वांत पटते.

यांग घराण्याकडे शिकलेल्या वू छ्वानयोऊ यांच्या परंपरेतही चिमणीच आहे. उलट, यांग लुच्यान आणि चेन छिंगपिंग या दोघांकडे शिकलेल्या वू यूश्यांग यांच्या परंपरेत, तसेच तिच्यातून निघालेल्या सुन शैलीत, अंगरखा टिकून आहे. येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. समान नवी चूक जवळचे नाते सुचवते. समान जुने नाव तसे काही सुचवत नाही, कारण ते कोणत्याही शाखेत न बदलता राहू शकते. अंगरखाच जुना कशावरून? ची जीग्वांग या मिंग राजवटीतील सेनापतीने १५६० च्या सुमारास सैन्याच्या प्रशिक्षणासाठी लिहिलेल्या ग्रंथात बत्तीस पवित्रे दिले आहेत आणि त्यांतील पहिलाच 'लान झा यी' आहे. त्या बत्तिसांपैकी एकोणतीस पवित्रे चेन कुळाच्या संचांत सापडतात, हे तांग हाओ या संशोधकाने दाखवून दिले. पण नाव पुस्तकातूनही उचलता येते, म्हणून एवढ्यावरून गुरुशिष्याचे नाते सिद्ध होत नाही.

स्पर्श न करता केवळ 'ची' या शक्तीने शिष्याला दूर फेकून दाखवणारे गुरू आपल्या अधिकारासाठी झांग सानफेंग यांच्या स्वप्नकथेकडे बोट दाखवतात. माझ्या मते असे प्रयोग या कलेचा अपमान करतात. प्रतिस्पर्ध्याचा तोल गेलेल्या क्षणी थोड्याशा बळाने त्याला हलवणे हे साधे यंत्रशास्त्र आहे आणि ते अंगी बाणवायला अनेक वर्षे घालवावी लागतात.

सेनापती ची जीग्वांग यांनी आपले पवित्रे नाना परंपरांतून वेचल्याचे सांगितले आहे आणि त्या परंपरांची नावेही दिली आहेत. त्यांत सुंग सम्राटाच्या नावाने ओळखले जाणारे बत्तीस पवित्र्यांचे मुष्टियुद्ध आहे, मर्कट-मुष्टियुद्ध आहे, शाओलिनची काठी आहे. झांग सानफेंग यांचे नाव त्यांत नाही.