काळी शी, चक्कर आणि पोटातला अल्सर: रक्तस्राव कसा ओळखतात, कसा थांबवतात

आमच्या औषधाच्या दुकानात ज्यांचं नेहमीचं येणं-जाणं आहे, त्यांच्यासाठी हे माहितीपत्रक आहे. गुडघेदुखी-कंबरदुखीसाठी वरचेवर गोळ्या घेणाऱ्यांनी, हृदयासाठी रोजची अ‍ॅस्पिरिन चालू असलेल्यांनी आणि घरात असं वडीलधारं माणूस असलेल्यांनी ते शेवटपर्यंत वाचावं, ही विनंती.

काउंटरवर पुन्हा पुन्हा घडणारा प्रसंग सांगतो. कोणीतरी अ‍ॅसिडिटीची गोळी मागतं. काय होतंय, असं आम्ही विचारतो. 'विशेष काही नाही, जरा गळून गेल्यासारखं वाटतंय, उठलं की गरगरतं.' शी कशी होतेय, असं विचारलं की मग उत्तर येतं, 'काळी होतेय दोन दिवस, पण पोटात काही दुखत नाही.' अशा वेळी आम्ही गोळी देत नाही. लगेच रुग्णालयात जा, आणि एकटे जाऊ नका, असं सांगतो. साधी गोळी मागितली तर एवढं काय, म्हणून काहींना राग येतो. तो राग रास्त आहे, म्हणूनच कारण नीट समजावून सांगायला हवं.

रक्त काळं का दिसतं

जठराच्या, किंवा त्याला लागूनच असलेल्या लहान आतड्याच्या पहिल्या भागाच्या (ड्युओडेनमच्या) अस्तराला खोल जखम झाली की तिला अल्सर म्हणतात. जखम खोल जाता जाता तिच्या तळाची रक्तवाहिनी उघडी पडली, की रक्त वाहू लागतं. हे रक्त सगळ्या आतड्यातून पुढे सरकत बाहेर येतं. तोवर त्यातलं हिमोग्लोबिन विघटित होतं आणि लाल रंग उरत नाही. शी डांबरासारखी काळी, चकचकीत आणि चिकट होते. पाणी ओतलं तरी भांड्याला धरून राहते. तिला एक उग्र, नेहमीपेक्षा निराळा वास येतो. अनुभवी परिचारिका बऱ्याचदा नुसत्या वासावरूनच ओळखतात.

अशी शी व्हायला फार रक्त लागत नाही. ५० ते १०० मिलिलिटरही पुरतं. मात्र शी नुसती पाहून किती रक्त गेलं आणि अजून जातंय का, हे कोणालाच सांगता येत नाही. त्यासाठी नाडी, रक्तदाब आणि तपासण्या लागतात.

लोहाच्या गोळ्या किंवा बिस्मथ असलेली औषधं घेतली तरी शी काळी होते. पण ती बहुधा बांधलेली असते, चिकट नसते आणि तिला तो उग्र वास नसतो. फरक कळत नसेल तर 'लोहाच्या गोळीमुळे असेल' असं स्वतःच ठरवून घरी बसू नका.

रक्त वरही येऊ शकतं. उलटी लालभडक असेल तर कोणी दुर्लक्ष करत नाही. पण जठरातल्या आम्लात थोडा वेळ राहिलेलं रक्त तपकिरी होतं आणि उलटी कॉफीच्या चोथ्यासारखी दिसते. ती पाहून 'काहीतरी खाल्लेलं बाधलं' असं समजणारे खूप भेटतात. उलट, रक्त फार वेगाने वाहत असेल तर ते काळं व्हायलाही वेळ मिळत नाही आणि शौचावाटे लाल किंवा गडद लालसर रक्त पडतं.

शरीरातलं रक्त कमी झालं की उभं राहताना घेरी येते, दरदरून घाम फुटतो, हातपाय गार पडतात, छाती धडधडते. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा: रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल यांसारख्या गोळ्या चालू असतील तर नाडी फारशी वाढतच नाही. नाडी ठीक लागतेय म्हणून निर्धास्त राहू नका.

आता 'दुखत नाही' या मुद्द्याकडे येतो. सगळ्यात जास्त घात तोच करतो. वयस्कर माणसांत, आणि त्यातही वेदनाशामक गोळ्या घेणाऱ्यांत, अल्सर मुळीच न दुखता वाढू शकतो. रक्तस्राव हेच त्याचं पहिलं लक्षण असतं. रक्त अगदी संथ झिरपत असेल तर शीचा रंगही बदलत नाही. माणूस नुसता फिकट पडत जातो, जिना चढताना धाप लागते आणि तपासणीत हिमोग्लोबिन कमी येतं. अशा वेळी फक्त लोहाच्या गोळ्या मागू नका. लोह कुठून जातंय, हे डॉक्टरांकडून शोधून घ्या.

काळी चिकट शी, रक्ताची किंवा चोथ्यासारखी उलटी, भोवळ येऊन पडणं, यांपैकी काहीही झालं तर सकाळची वाट पाहू नका. रुग्णवाहिका बोलवा. स्वतः गाडी चालवत जाऊ नका. काही खाऊ-पिऊ नका, कारण दुर्बिणीच्या तपासणीला जठर रिकामं लागतं. थंड दूध किंवा अँटासिडने जळजळ शमेल, पण उघडी पडलेली रक्तवाहिनी त्याने बंद होत नाही. आणि घरातल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या पिशवीत घालून सोबत न्या. अर्धवट संपलेल्या आणि 'कधीतरीच घेतो' म्हणता त्यासुद्धा.

अल्सर होतो कशामुळे

मुख्य कारणं दोन. ताणतणाव आणि तिखट ही त्यांत नाहीत, जरी पिढ्यान्‌पिढ्या तसं मानलं गेलं असलं तरी. पहिलं कारण म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल या डॉक्टरांनी १९८२ साली हा जंतू प्रयोगशाळेत वाढवून दाखवला. इतक्या तीव्र आम्लात जंतू जगतो, यावर बहुतेकांचा विश्वास बसेना. तेव्हा मार्शल यांनी १९८४ मध्ये स्वतःच तो जंतू पिऊन पाहिला आणि त्यांच्या जठराला सूज आली. २००५ साली दोघांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांच्या कामामुळेच, वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा उलटणारा हा आजार आज दोन आठवड्यांच्या औषधांनी मुळापासून जाऊ शकतो.

दुसरं कारण आमच्या कपाटात आहे, म्हणून त्यावर आम्ही जरा जास्त बोलणार आहोत. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक, नॅप्रॉक्सेन, केटोरोलॅक आणि अर्थातच अ‍ॅस्पिरिन. जठराचं अस्तर स्वतःला आम्लापासून वाचवतं ते प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यांच्या जोरावर. त्यांच्यामुळे चिकट आवरण तयार होत राहतं आणि अस्तराला रक्तपुरवठा नीट होतो. या गोळ्या वेदना कमी करतात त्या प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखूनच. गुडघ्यात ती थांबते, तशी जठरातही थांबते.

हा परिणाम मुख्यतः रक्तातून होतो, गोळी जठराला टेकल्यामुळे नव्हे. त्यामुळे 'मी भरल्या पोटी घेतो', 'माझी कोटिंगवाली आहे', 'मी तर इंजेक्शनच घेतलं' या तिन्ही गोष्टींनी जठराला खरं संरक्षण मिळत नाही. हृदयासाठी दिलेली ७५ मिलिग्रॅमची छोटी अ‍ॅस्पिरिनही याला अपवाद नाही.

आणखी एक घोळ नेहमी होतो. अंगदुखीच्या आणि सर्दीच्या बऱ्याच मिश्र गोळ्यांत पॅरासिटामॉलबरोबर आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक असतं. गुडघ्यासाठी एक, अंग मोडून आलं म्हणून दुसरी, अशा दोन निरनिराळ्या नावांच्या गोळ्या घेणारा माणूस प्रत्यक्षात एकाच प्रकारचं औषध दुप्पट घेत असतो. वय ६५ च्या पुढे असेल, आधी कधी अल्सर झाला असेल, सोबत स्टेरॉइड, रक्त पातळ करणारं औषध किंवा नैराश्यासाठी सर्ट्रालीन, एस्सिटालोप्राम यांसारखी गोळी चालू असेल, तर धोका बराच वाढतो. धूम्रपानाने अल्सर भरून यायला उशीर लागतो.

रुग्णालयात काय करतात

आधी माणूस सावरायचा, मग जखम शोधायची, हा क्रम असतो. हाताला सुया लावून सलाईन सुरू करतात, नाडी-रक्तदाब पाहतात आणि रक्त तपासणीला पाठवतात. पहिल्या अहवालात हिमोग्लोबिन चांगलं आलं म्हणून नातेवाईक हुश्श करतात. पण रक्त जातं तेव्हा पेशी आणि पाणी दोन्ही बरोबरच जातं, त्यामुळे उरलेल्या रक्तातलं प्रमाण लगेच बदलत नाही. पुढच्या एक-दोन दिवसांत शरीर पाण्याची भर घालतं, तेव्हा आकडा उतरतो. म्हणून ही तपासणी पुन्हा पुन्हा करतात. युरिया वाढलेला दिसला तर तोही एक दुवा असतो, कारण आतड्यात गेलेलं रक्त प्रथिनासारखं पचतं आणि त्यातून युरिया बनतो.

रक्त चढवण्यावरून बरीच ओढाताण होते. 'बाटल्या आणून देतो, पण चढवा', असं नातेवाईक म्हणतात. रुग्ण स्थिर असेल तर सर्वसाधारणपणे हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेल्यावरच रक्त देतात. हृदयविकार असेल तर ८ च्या आसपास. बार्सिलोनात झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, हात राखून रक्त दिलेले रुग्ण सढळ हाताने दिलेल्यांपेक्षा जास्त संख्येने वाचले. तेव्हा डॉक्टर थांबा म्हणत असतील तर तो हलगर्जीपणा नाही. रक्त धो धो वाहत असेल तेव्हा मात्र ते आकड्यासाठी थांबत नाहीत.

मग एंडोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीची तपासणी. घशात बधिर करणारा फवारा मारून, बऱ्याचदा गुंगीचं औषध देऊन, साधारण १ सेंटिमीटर जाडीची लवचीक नळी तोंडातून जठरात नेतात. ती बहुतेकांची २४ तासांच्या आत करतात. 'आत्ताच्या आत्ता का नाही?' हा प्रश्न स्वाभाविक आहे. हाँगकाँगमध्ये गंभीर रुग्णांवर झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ६ तासांच्या आत घाई केल्याने जास्त जीव वाचले नाहीत. आधीचे तास सलाईन, रक्त आणि आम्ल कमी करणारं इंजेक्शन यांत सत्कारणी लागतात. जठरातलं रक्त पुढे सरकावं म्हणून काहींना तपासणीआधी एरिथ्रोमायसिन शिरेतून देतात.

आत काय दिसतं त्यावर पुढचं सगळं ठरतं. तळ स्वच्छ असेल तर नुसत्या गोळ्यांवर भागतं आणि घरीही लवकर सोडतात. पिचकारी उडत असेल, रक्त झिरपत असेल किंवा उघडी रक्तवाहिनी दिसत असेल, तर त्याच नळीतून उपचार करतात. आजूबाजूला अ‍ॅड्रिनलिन टोचून वाहिनी आकसवतात, आणि मग तिथे धातूची बारीक क्लिप बसवतात किंवा उष्णतेने ती वाहिनी बंद करतात. नुसतं अ‍ॅड्रिनलिन पुरत नाही. त्याचा असर ओसरला की रक्त पुन्हा सुरू होऊ शकतं.

त्यानंतर पँटोप्राझॉल किंवा इसोमेप्राझॉल जास्त मात्रेत, बहुधा ७२ तास शिरेतून देतात. रक्ताची गुठळी आम्लात टिकत नाही, म्हणून आम्ल जवळपास बंद ठेवावं लागतं. पुन्हा रक्त जाण्याची भीती याच तीन दिवसांत सर्वांत जास्त असते. 'आता बरं वाटतंय, घरी सोडा' असा हट्ट या दिवसांत धरू नका. पुन्हा रक्त गेलंच तर दुसऱ्यांदा एंडोस्कोपी करतात. तीही अपुरी पडली तर मांडीच्या किंवा मनगटाच्या धमनीतून बारीक नळी नेऊन ती रक्तवाहिनी आतून बुजवतात. शस्त्रक्रियेची पाळी आता क्वचितच येते.

डॉक्टरांनी दारूबद्दल किंवा पूर्वीच्या काविळीबद्दल विचारलं तर खरं सांगा. यकृताच्या आजारात अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटूनही असाच रक्तस्राव होतो, आणि त्याचे उपचार वेगळे आहेत.

घरी आल्यावर

इथेच सगळ्यात जास्त गोष्टी राहून जातात. हेलिकोबॅक्टरची तपासणी झाली का, हे कागदपत्रांत पाहा. रक्तस्राव चालू असताना केलेली तपासणी खोटी 'नाही' दाखवू शकते, म्हणून तसा अहवाल असेल तर ती नंतर पुन्हा करावी लागते. जंतू सापडला तर बहुधा १४ दिवस तीन-चार औषधं एकत्र घ्यायची असतात. तोंडाला चव राहत नाही, मळमळतं, आणि आठव्या-नवव्या दिवशी बरेच जण कोर्स सोडतात. तसं करू नका, कारण उरलेला जंतू त्या औषधांना दाद देईनासा होतो. त्रास होत असेल तर डॉक्टरांशी बोला. कोर्स संपल्यावर किमान ४ आठवड्यांनी श्वासाची किंवा शौचाची तपासणी करून जंतू गेल्याची खात्री करायची असते. त्याआधी दोन आठवडे पँटोप्राझॉलसारखी गोळी थांबवावी लागते, तीही डॉक्टरांना विचारूनच.

अल्सर जठरात होता की ड्युओडेनममध्ये, हेही विचारून ठेवा. जठरातला असेल तर त्यात कधीकधी कर्करोग दडलेला असू शकतो. म्हणून त्याचा तुकडा तपासतात आणि काही आठवड्यांनी पुन्हा एंडोस्कोपी करून तो भरला का, हे पाहतात. बरं वाटतंय म्हणून ही दुसरी तपासणी टाळू नका.

ज्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे किंवा स्टेंट बसवला आहे, त्यांनी घाबरून अ‍ॅस्पिरिन कायमची बंद करू नये. अशा रुग्णांत ती बहुधा काही दिवसांतच पुन्हा सुरू करतात, सोबत आम्ल कमी करणारी गोळी देऊन. बंद कधी करायची आणि सुरू कधी करायची, हे हृदयाच्या आणि पोटाच्या डॉक्टरांनी मिळून ठरवायचं असतं. इतर रक्त पातळ करणाऱ्या औषधांचंही तसंच.

अंगदुखीसाठी सांगितलेल्या मात्रेतलं पॅरासिटामॉल जठराला असा अपाय करत नाही. ते पुरत नसेल तर दुकानातून दुसरं काही नेण्याआधी डॉक्टरांना विचारा.

तुम्हाला पूर्वी कधी अल्सर झाला असेल किंवा त्यातून रक्त गेलं असेल, तर ते आम्हाला सांगून ठेवा. तुमच्या नावापुढे तशी नोंद करू. उद्या घरचं दुसरं कोणी तुमच्यासाठी गुडघेदुखीची गोळी न्यायला आलं, तरी ती नोंद पाहूनच औषध दिलं जाईल.