ट्रेलर ओढणारा ऑटोमॅटिक पिकअप घाटात सारखे गिअर का बदलतो?

ऑटोमॅटिक गाडीला घाट झेपत नाही, आणि मागे ट्रेलर असेल तर मुळीच नाही, असं मुंबईत गाड्या चालवणाऱ्या पुष्कळ मंडळींचं ठाम मत असतं. पुरावा नेहमीचाच. डिझेल पिकअपला होडीचा किंवा जनरेटरचा ट्रेलर जोडायचा, पनवेल मागे टाकून बोरघाटाच्या वाटेला लागायचं, की गिअरबॉक्स चौथा-पाचवा, पाचवा-चौथा असं करत बसतो. इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या टॅकोमीटरचा काटा वरखाली होत राहतो. मग 'गिअरबॉक्स गोंधळला' असा निकाल लागतो.

निरीक्षण अगदी बरोबर आहे, निकाल चुकीचा. गिअरबॉक्स त्याला आखून दिलेला नकाशा इमानाने पाळत असतो. तो नकाशा मुख्यतः रिकाम्या गाडीला धरून आखलेला असतो, एवढंच. आणि गिअर किती वेळा बदलले यापेक्षा महत्त्वाची गोष्ट काट्याच्या या हालचालीत दडलेली आहे. इंजिन आणि गिअर यांच्या मधे बसलेला, तेलातून ताकद पोहोचवणारा टॉर्क कन्व्हर्टर त्या क्षणी लॉक (थेट जखडलेला) आहे की मोकळा, यावर गिअरबॉक्सचं आयुष्य ठरतं.

आधी एक खुलासा. लहान गाड्यांत 'ऑटोमॅटिक' म्हणून मिळतो तो बहुतेकदा एएमटी असतो. म्हणजे साधाच गिअरबॉक्स आणि साधाच क्लच, फक्त पाय आणि हात यांचं काम मोटर करते. टोयोटा हायलक्स किंवा इसुझू व्ही-क्रॉसच्या ऑटोमॅटिक आवृत्तीत टॉर्क कन्व्हर्टरवाला सहा गिअरचा बॉक्स आहे. पुढचं सगळं या दुसऱ्या जातीबद्दल.

गिअर कधी बदलायचा हे कंप्युटर मुख्यतः दोन गोष्टींवरून ठरवतो: गाडीचा वेग, आणि ऍक्सिलरेटर किती दाबला आहे. प्रत्येक दोन गिअरांमध्ये दोन रेषा आखलेल्या असतात, एक वर जाण्याची आणि एक खाली येण्याची. दोन्हींमध्ये मुद्दाम अंतर ठेवलेलं असतं, नाहीतर सपाट रस्त्यावरही गिअर थरथरत राहिले असते. रिकाम्या गाडीला हे अंतर पुरतं. चार टनांना पुरत नाही. का, ते आकड्यांतच पाहू.

पिकअप, माणसं आणि ट्रेलर मिळून ४ टन धरू. रस्ता दर १०० मीटरला ५ मीटर चढतो, वेग ताशी ६० किलोमीटर. चढावर नुसतं टिकून राहायला सुमारे १,९६० न्यूटन बळ लागतं, टायरच्या घर्षणाला साधारण ४७०, आणि ट्रेलरसकट हवा कापायला ५०० च्या आसपास. एकूण २,९३० न्यूटन. चाकाची त्रिज्या ३८ सेंटिमीटर आणि मागच्या डिफरन्शियलचं (मागच्या चाकांमधल्या दात्यांच्या संचाचं) गुणोत्तर ३.९ धरलं, तर गिअरबॉक्समधून साधारण २८५ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, बाहेर पडायला हवा. चौथ्या गिअरचं गुणोत्तर १ आहे, म्हणजे इंजिनाकडूनही २८५ हवेत, आणि इंजिन फिरत असेल मिनिटाला सुमारे १,६३० फेऱ्यांनी. पाचव्याचं गुणोत्तर ०.६९ धरा. तिथे ४१३ न्यूटन-मीटर लागतात आणि फेरे उतरतात १,१३० वर.

हायलक्सच्या ऑटोमॅटिकमधलं २.८ लिटरचं डिझेल इंजिन ५०० न्यूटन-मीटर देतं, पण १,६०० ते २,८०० फेऱ्यांच्या दरम्यान. १,१३० वर इंजिनात जादा हवा कोंबणारा टर्बो पुरेसा फिरलेलाच नसतो. म्हणजे चौथ्यात काम आरामात होतंय, आणि पाचव्यात, कन्व्हर्टर लॉक असताना, ते होणंच शक्य नाही. पण चौथ्यात आराम वाटला की पाय हलका होतो, वर जाण्याची रेषा ओलांडली जाते, पाचवा पडतो, वेग ढासळतो, पाय पुन्हा दाबला जातो, खाली येण्याची रेषा ओलांडली जाते, पुन्हा चौथा. यालाच 'हंटिंग' म्हणतात. क्रूझ कंट्रोल लावला असेल तर हे आणखी वाढतं, कारण तो ठरलेल्या वेगासाठी हट्टाने भांडत राहतो.

आता कन्व्हर्टर. याचं मूळ जहाजांत आहे. वाफेची टर्बाइन फार वेगाने फिरते, पंखा सावकाश फिरवावा लागतो. त्यासाठी जर्मन अभियंता हेर्मान फोटिंगर यांनी १९०५ मध्ये द्रवाच्या मदतीने ताकद पोहोचवण्याचं पेटंट घेतलं. आजच्या गाडीत तीच रचना एका बंद डब्यात बसते. इंजिनाला जोडलेला इम्पेलर तेल बाहेरच्या कडेकडे फेकतो. ते तेल समोरच्या टर्बाइनच्या पात्यांवर आदळून तिला फिरवतं. टर्बाइन गिअरला जोडलेली असते. काम करून परतणारं तेल मात्र उलट्या दिशेने फिरत असतं. ते तसंच इम्पेलरवर आलं असतं तर त्याला विरोध झाला असता. म्हणून मधे तिसरं चाक असतं, स्टेटर. ते एकाच दिशेला फिरू शकणाऱ्या क्लचवर बसवलेलं असतं. उलट्या दिशेने येणारं तेल त्याला मागे ढकलू पाहतं, ते हलत नाही, आणि त्याच्या वाकड्या पात्यांवरून तेलाची दिशा वळते.

माझ्या मते अख्ख्या गाडीतली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच आहे. स्टेटर तेलाला वळवतो तेव्हा गिअरबॉक्सच्या कवचाचा आधार घेऊन तो तेलावर पीळ देतो, आणि तो पीळ इंजिनाच्या टॉर्कमध्ये मिळवला जातो. टर्बाइन थांबलेली असताना टॉर्क जवळजवळ दुप्पट होतो, एकाही दात्याशिवाय. टर्बाइनचा वेग इम्पेलरच्या ८५-९० टक्क्यांवर पोहोचला, की तेल स्टेटरच्या पाठीवर आदळू लागतं. मग स्टेटर मोकळा होऊन सोबत फिरतो आणि गुणाकार संपतो.

हा गुणाकार फुकटचा नाही. कन्व्हर्टरची कार्यक्षमता म्हणजे टॉर्कचं गुणोत्तर गुणिले वेगाचं गुणोत्तर. टर्बाइन थांबलेली असेल तर वेगाचं गुणोत्तर शून्य, म्हणून कार्यक्षमताही शून्य. इंजिनाची सगळी ताकद तेल तापवण्यात जाते. टर्बाइन जवळजवळ इम्पेलरइतकी फिरली तरी काही टक्के घसरण उरतेच. म्हणून लॉक-अप क्लच आला. पॅकार्ड कंपनीने १९४९ मध्ये आपल्या अल्ट्रामॅटिकमध्ये तो दिला होता. हा क्लच इम्पेलर आणि टर्बाइन यांना थेट जखडून टाकतो आणि घसरण शून्यावर येते. कमी वेग, थंड तेल, गिअर बदलतानाचा क्षण, किंवा ऍक्सिलरेटरवर अचानक पडलेला जोर, यातलं काहीही असलं की कंप्युटर तो सोडवतो.

मघाचा चढ पुन्हा घ्या. पाचव्यात इंजिन दमलं, चालकाने पाय दाबला. कंप्युटर लगेच गिअर उतरवेलच असं नाही. बहुतेकदा तो आधी लॉक-अप सोडतो. इंजिन १,१३० वरून १,५५० वर चढतं, टर्बाइन १,१३० वरच राहते. वेगाचं गुणोत्तर ०.७३, टॉर्कचं सुमारे १.१५, म्हणजे कार्यक्षमता ८४ टक्के. चाकांना हवेत ४९ किलोवॉट, इंजिन देतंय ५८. चौथ्यात लॉक असताना, तोच चढ आणि तोच वेग, इंजिन १,६३० फेऱ्यांवर साधारण ४९ किलोवॉटमध्ये भागवतं. दोन्हींत इंजिनाचा आवाज जवळजवळ सारखा. पण मोकळ्या पाचव्यात डिझेल जास्त जळतं आणि नऊ-साडेनऊ किलोवॉट उष्णता तेलात उतरते. घरातले २ किलोवॉटचे चार-पाच गीझर एकाच वेळी दहा-बारा लिटर तेलात बुडवल्यासारखं हे आहे. तेल थंड करणारा कूलर नसता आणि सगळी उष्णता तेलातच राहिली असती, तर ते मिनिटाला तीसेक अंशांनी तापलं असतं.

कूलर असतो, पण तो वाऱ्यावर आणि रेडिएटरच्या पाण्यावर अवलंबून असतो. शनिवारी सकाळी खंडाळ्याच्या चढावर वाहतूक तुंबते, तेव्हा वारा नसतो आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये मोकळ्या कन्व्हर्टरवर सरपटत असते. तेल तापतं ते तिथे. चढावर गाडी ऍक्सिलरेटरवर तोलून धरायची सवय तर सगळ्यात वाईट, कारण टर्बाइन थांबलेली असते. ब्रेकवर थांबा. पुढे दोन गाड्यांइतकी जागा झाली की एकदाच पुढे व्हा; इंच-इंच सरकू नका.

गिअरबॉक्सचं तेल साधारण ८० ते ९५ अंशांना सुखाने काम करतं. १२० च्या वर त्याचं ऑक्सिडीकरण झपाट्याने वाढतं. ढोबळ नियम असा, की दर १० अंशांना तेलाचं उरलेलं आयुष्य निम्मं होतं. सील कडक होतात, क्लचच्या चकत्या जळतात. नवं तेल बहुधा लाल असतं. तपकिरी आणि करपट वासाचं तेल दिसलं की समजायचं. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी मऊ लेप असणं ठीक, हाताला टोचणारे धातूचे कण असणं ठीक नाही. प्लग काढून साधारण तीन-चार लिटरच तेल निघतं, उरलेलं कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरच्या नळ्यांत राहतं. म्हणून एकदा बदलून सगळं तेल बदलत नाही. अनेक बॉक्सना डिपस्टिकच नसते. ठरावीक तापमानाला ओव्हरफ्लो प्लगमधून पातळी पाहावी लागते. 'लाइफटाइम तेल' या शब्दांवर, आणि तेलात ओतायच्या त्या जादूच्या बाटल्यांवर, ट्रेलर ओढणाऱ्याने अजिबात विश्वास ठेवू नये. पुस्तकातला जड वापराचा तक्ता तेवढा पाळावा.

लॉक-अप चालकाला ओळखता येतो. वेग स्थिर असताना काटा एकदम २००-३०० फेऱ्यांनी खाली आला, तर लॉक लागला. चौथ्यातून पाचव्यात जाताना फरक मोठा असतो, २,००० वरून जवळजवळ १,४०० पर्यंत. स्थिर वेगात पाय थोडाच दाबल्यावर वेग न वाढता काटा वर गेला, तर लॉक सुटला आहे. तेलाचं तापमान दाखवणारा ओबीडी डाँगल (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटात बसणारं छोटं यंत्र) घेतलात तर त्याचं ऍप तुमच्या मॉडेलचा गिअरबॉक्स वाचतं का, ते आधी बघा. बरीचशी ऍप फक्त इंजिनाच्या पाण्याचं तापमान दाखवतात.

मग करायचं काय? चढ सुरू होण्याआधीच लिव्हर मॅन्युअल खाचेत घ्या आणि इंजिन १,६०० च्या खाली जाणार नाही असा गिअर धरा. वरच्या उदाहरणात चौथा. चढ तीव्र झाला तर तिसरा, तिथे इंजिन २,४०० वर फिरतं. आवाज वाढतो, घाबरायचं कारण नाही. मघाच्याच चढाला धरलं तर टॉर्क १९० वर उतरतो, पाण्याचा पंप वेगाने फिरतो, लॉक टिकून राहतो. मात्र काही गाड्यांत '४' म्हणजे नेमका चौथा, तर काहींत 'चौथ्यापर्यंतचे सगळे', हे पुस्तकात पाहून घ्या. इको मोड बंद, क्रूझ बंद. मोठ्या अमेरिकी पिकअपमध्ये 'टो-हॉल' बटण असतं, ते हेच करतं: वर जाण्याच्या रेषा पुढे ढकलतं, लॉक लवकर लावतं आणि ब्रेक दाबल्यावर गिअर उतरवतं.

उतारावर जुन्या ट्रक ड्रायव्हरांचा नियमच खरा: ज्या गिअरमध्ये चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा. ४ टन वजन ५०० मीटर खाली येतं तेव्हा जवळपास २० मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. डिझेल इंजिनाचा ब्रेक पेट्रोलपेक्षा मुळातच दुबळा, कारण हवेची वाट अडवणारी झडप पाय उचलल्यावर पेट्रोलसारखी बंद होत नाही. म्हणून फेरे जास्त हवेत आणि कन्व्हर्टर लॉक हवा. न्यूट्रलमध्ये घरंगळत डिझेल वाचतं ही समजूत तर धोकादायक आहे आणि खोटीही. गिअरमध्ये उतरताना इंजेक्टर डिझेल बंद करतात. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते लागतंच.

तेल तापल्याचा दिवा लागला तर सुरक्षित जागी थांबा, लिव्हर पी मध्ये घ्या, पण इंजिन बंद करू नका. तेलाचा पंप इंजिनावरच फिरतो. इंजिन चालू राहिलं तरच तेल कूलरमधून जातं. दिवा विझेपर्यंत तसंच ठेवा. याच कारणाने बंद पडलेला ऑटोमॅटिक पिकअप चाकं रस्त्यावर ठेवून ओढून नेऊ नये: पंप थांबलेला, गिअर मात्र फिरतायत, आणि त्यांना तेल मिळत नाही. फोर-व्हील-ड्राइव्ह असेल तर चारही चाकं वर घेणारी फ्लॅटबेडच बोलवा, आणि फोन करतानाच गाडी ऑटोमॅटिक असल्याचं सांगा.